डाळ का शिजत नाही? : वाचकांचे प्रश्न, या महिन्याची उत्तरं

या सदरात प्रश्न विचारणारे तुम्ही आणि उत्तर देणारी मी, आपली एकमेकांशी ओळख नाही. पुण्यातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. मुलांचा प्रयोग अडला की टेबलाशी जाऊन नेमकं कुठे बिनसलंय ते शोधायचं, हे माझं काम. तेव्हा समोर उभं राहून बघता यायचं. आता तुमचं स्वयंपाकघर किंवा गच्ची मला दिसत नाही. तुम्ही जेवढं लिहाल तेवढंच दिसतं. म्हणून ‘गीझर नीट चालत नाही, काय करू?’ एवढ्याच मजकुराला मी उत्तर पाठवत नाही, उलट चार प्रश्न पाठवते. या महिन्यातली पत्रं मात्र वाचताना मला फार आनंद झाला. बहुतेकांनी आधी नीट पाहिलंय, काही मोजलंय, आणि मग विचारलंय.

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला आलो. इथे सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे. तेव्हापासून तुरीची डाळ शिजेनाशी झाली. सहा शिट्ट्या केल्या तरी डाळ खाली अख्खी आणि वर पाणी. दुकान तेच, कुकर तोच. बहीण अजून पेठेत राहते. आम्ही दोघींनी एकच पाच किलोची पिशवी वाटून घेतली, तर तिच्याकडे तीन शिट्ट्यांत वरण एकजीव होतं. ऑनलाइन विचारलं तेव्हा कुणी म्हणालं पुणं उंचावर आहे, कुणी म्हणालं कुकरचं रबर बदला, कुणी डाळ जुनी म्हणालं, कुणी सोडा घाला म्हणालं. आरओवाल्याने मीटर लावून पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ६४० सांगितला. खरं कारण काय? (वाघोली)

उत्तर : बाई, बहिणीबद्दलचं ते वाक्य तुम्ही लिहिलं नसतं तर मलाही नुसत्या शक्यताच सांगाव्या लागल्या असत्या. एकाच पिशवीतली डाळ दोन घरांत वेगळी शिजते आहे, म्हणजे ‘डाळ जुनी’ हे कारण निकालात निघालं. (जुनी डाळ हे एरवी खरं कारण असतं. उष्ण, दमट जागी बराच काळ ठेवलेलं कडधान्य शिजायला हट्टी होतं.)

उंचीचंही तेच. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांना उकळेल. पण कुकरमध्ये दाब वाढवून आपण तापमान १२० अंशांच्या जवळपास नेतो, तिथे या दोन अंशांचं काही चालत नाही. शिवाय वाघोली आणि सदाशिव पेठ यांच्या उंचीत असा कितीसा फरक आहे?

उरलं पाणी आणि रबर. त्यासाठी एकच करा. बहिणीकडच्या नळाचं दोन लिटर पाणी बाटलीत भरून आणा आणि तुमच्याच कुकरमध्ये, तुमच्याच गॅसवर, त्या पाण्यात डाळ लावा. शिजली, तर रबर निर्दोष आणि दोष पाण्याचा. मला वाटतं, शिजेल.

कारण असं. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि डाळ घोटली जाते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असेल तर ते पेक्टिनच्या साखळ्यांना आणखी घट्ट बांधून टाकतात. मग शिट्ट्या वाढवल्या तरी दाणा फक्त गरम होतो, फुटत नाही. पेठेत खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं, म्हणजे मुख्यतः पावसाचं, सौम्य पाणी. बोअरचं पाणी आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून मुरत मुरत आलेलं असतं आणि वाटेत खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो.

खात्री करायला मीटर लागत नाही. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत टँकरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. (शाम्पू किंवा डिटर्जंट नको, ते जड पाण्यातही फेसाळतात.) जड पाण्यात फेस कमी होईल आणि वर पांढरट साका तरंगेल. आता टँकरचं थोडं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, गार होऊ द्या, वरचं निवळ तेवढं घ्या आणि पुन्हा साबण टाकून बघा. फेस बराच वाढला तर तुमच्या पाण्याचा जडपणा बायकार्बोनेटमुळे आहे. बेसाल्टमधल्या पाण्यात तो प्रकार नेहमी आढळतो. तसं असेल तर वरण-आमटीसाठी पाणी आधी उकळून निवळून घेतलं तरी काम होईल.

घरी आरओ आहेच, तर सरळ डाळीला त्याचंच पाणी वापरा. दिवसाला लिटरभर लागेल. डाळ अर्धा-एक तास मिठाच्या पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं तरी फरक पडतो, कारण मिठातलं सोडियम दाण्यातल्या थोड्या कॅल्शियमची जागा घेतं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, आंबटपणाने पेक्टिन विरघळायला वेळ लागतो. सोडा मी शेवटचा सांगेन. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते हे खरं, पण तिच्यातलं ‘बी-१’ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजच्या वरणात रोज सोडा, हे मला पटत नाही.

टीडीएसच्या मीटरबद्दलही सांगायला हवं, कारण तो आकडा सध्या घरोघरी चर्चेत असतो. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे की साधं मीठ, हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणी मिळत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. जडपणाचे आकडे वेगळे आहेत, २०० आणि ६००. सोसायटीने टँकरच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, त्यात जडपणा आणि जंतू दोन्ही लिहून मागावेत. एका घराने आरओ लावला म्हणून टाकीतलं पाणी सगळ्यांसाठी चांगलं होत नाही.

प्रश्न : माझे वडील वाघोलीकडच्या दगडखाणीत कामाला होते. त्यांनी जमवलेले खडे एका डब्यात आहेत. काही पांढरे-गुलाबीसर, मोत्यासारखी चमक असलेले; काही काचेसारखे पारदर्शक, हिरवट झाक असलेले आणि वर निमुळते; आणि एका पांढऱ्या दगडावर गडद निळ्या काट्यांचा नखाएवढा गोल गुच्छ आहे. फोटो ऑनलाइन टाकले तर एकाने हिरे म्हटलं, एकाने स्फटिक, आणि एकाने लिहिलं की निळा दगड किरणोत्सारी आहे, घरात ठेवू नका. आई घाबरली आहे. (लोहगाव)

उत्तर : आधी आईंना सांगा, घाबरायचं कारण नाही. तुमचं वर्णन ज्या खनिजाशी जुळतं ते किरणोत्सारी नाही. आणि तो डबा जपून ठेवा, वडिलांनी फार सुंदर गोष्ट जमवली आहे.

आपल्या पायाखालचा दख्खनचा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून क्षार मिसळलेलं गरम पाणी फिरत राहिलं आणि आतल्या भिंतींवर सावकाश स्फटिक वाढत गेले. खाणीत सुरुंग लावून खडक फोडला की अशा पोकळ्या उघड्या पडतात. पुण्याच्या आसपासच्या, पाषाण आणि वाघोलीच्या खाणींतले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्या खडीवर आपले रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या. कामगारांनी डोळे उघडे ठेवून बाजूला काढले म्हणून हे नमुने क्रशरमध्ये गेले नाहीत.

मोत्यासारखी चमक असलेले पांढरे-गुलाबीसर खडे बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट असावेत. ही दोन्ही झिओलाइट गटातली खनिजं. स्फटिकांची जुडी मध्ये आवळलेल्या पेंढीसारखी, दोन्ही टोकांना फाकलेली दिसत असेल तर स्टिल्बाइट. हिरवट, पारदर्शक आणि वर निमुळता तो ॲपोफिलाइट असण्याची शक्यता मोठी. तो झिओलाइट नव्हे, पण त्यांच्या संगतीत सापडतो. आणि पांढऱ्यावर बसलेला निळा गुच्छ! तुमच्या पत्रातली ही ओळ वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. तो कॅव्हनसाइट असावा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांचं हे खनिज, निळा रंग व्हॅनेडियमचा. पहिल्यांदा ते अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सापडलं, पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे मानले जातात. त्याच रासायनिक सूत्राचं पण वेगळ्या रचनेचं पेंटागोनाइटही तिथेच मिळतं. डोळ्यांनी ही दोन वेगळी ओळखणं अवघड.

पत्रातल्या वर्णनावरून मी ‘असावा’ एवढंच म्हणू शकते. पुढचं तुम्हाला घरी करता येईल. पारदर्शक खड्यांपैकी एखादा तुटका तुकडा घ्या आणि जुन्या बाटलीच्या काचेवर घासा. काचेवर सहज ओरखडा उमटला तर तो क्वार्ट्झ, म्हणजे लोक ज्याला स्फटिक म्हणतात तो. साध्या चाकूने खड्यावरच चरा पडला आणि त्या भुकटीवर लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्साइट. ॲपोफिलाइट आणि झिओलाइट हे कठीणपणात क्वार्ट्झ आणि कॅल्साइट यांच्या अधेमधे, चाकूने कमीजास्त ओरखडले जातात. हिरा म्हणाल तर या लाव्हात तो तयार होत नाही. मध्य प्रदेशात पन्नाला हिरे मिळतात ते किंबरलाइटसारख्या वेगळ्याच खडकातून.

निळ्या गुच्छावर मात्र यातलं काहीही करू नका. तो मऊ आणि ठिसूळ असतो. त्याला ब्रश, लिंबू, चाकू काही लावू नका आणि खालच्या पांढऱ्या दगडापासून तो सोडवू नका. सोबतच्या दगडासकटच तो नमुना अभ्यासाला उपयोगी आणि मोलाचाही. प्रत्येक खडा कागदात वेगळा गुंडाळा आणि वडील कुठल्या खाणीत, साधारण कोणत्या वर्षांत होते ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. ही माहिती आईंकडूनच मिळेल, तेव्हा आजच विचारून घ्या. मग फर्ग्युसन कॉलेजच्या किंवा पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवा. विकायचा विचार असला तरी आधी ओळख पटवून घ्या, ऑनलाइन कुणी किंमत सांगितली म्हणून देऊन टाकू नका. आणि जमलं तर आईंना घेऊन सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय बघून या. वडील रोज कशात काम करत होते, ते तिथे प्रकाशात मांडलेलं दिसेल.

वरच्या डाळवाल्या बाईंनी हेही वाचावं. झिओलाइटच्या आत रेणूंच्या मापाच्या पोकळ नळ्या असतात. त्यात सोडियम असेल तर ते सोडून देऊन पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायचा गुण त्यांच्यात आहे. या गुणावरच पाणी सौम्य करणारी सुरुवातीची यंत्रं बनली. आज त्यात कृत्रिम रेझिन असतं आणि ते दमलं की मिठाच्या पाण्याने ताजं करतात. कपड्यांच्या पावडरमध्येही कारखान्यात बनवलेलं झिओलाइट घालतात, जड पाण्यात साबण वाया जाऊ नये म्हणून. लोहगावच्या डब्यातले खडे वाघोलीच्या टाकीत टाकून मात्र काही होणार नाही. त्यांच्या नळ्यांत बहुतेक कॅल्शियमच बसलेलं आहे.

प्रश्न : फरशी पुसल्यावर अनवाणी जाऊन फ्रिजच्या दाराला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात. हात लावून ठेवला तर येतच राहतात. चप्पल घातली की काही नाही. ऑनलाइन सांगितलं की ही स्टॅटिक वीज आहे, दुर्लक्ष करा. (बिबवेवाडी)

उत्तर : दुर्लक्ष करू नका. हे वाचत असाल तर उठा, कोरड्या पायांनी, चप्पल घालून, फ्रिजचं भिंतीवरचं बटण कोरड्या हाताने बंद करा, प्लग काढा आणि आजच वायरमनला बोलवा. तोवर मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. दूध नासलं तर नासू द्या.

स्टॅटिकचा झटका एकदाच ‘टक्’ करून संपतो आणि तो हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत येतो, ऐन श्रावणात नाही. तुमच्या झिणझिण्या चालू राहतात, ओल्या फरशीवर येतात आणि चपलेने थांबतात. म्हणजे फ्रिजच्या अंगावर वीज उतरली आहे आणि ती तुमच्या शरीरातून जमिनीत जाते आहे. माणसाला साधारण १ मिलीॲम्पिअर प्रवाह जाणवायला लागतो. १०-१५ च्या पुढे स्नायू आखडून हात सोडवता येत नाही. या दोन आकड्यांमध्ये फार अंतर नाही, आणि ओलाव्याने ते कधी ओलांडलं जाईल सांगता येत नाही.

वायरमनला तीन गोष्टी तपासायला सांगा : त्या सॉकेटला अर्थिंग खरंच पोचतं का, फ्रिजच्या प्लगची मोठी पिन शाबूत आहे का (दोन पिनांच्या जोडणीत घुसवण्यासाठी ती काढून टाकलेली मी अनेक घरांत पाहिली आहे), आणि फ्रिजच्या आत गळती कुठे आहे. टेस्टर पेटला नाही यावर समाधान मानू नका, मीटरने मोजायला लावा. घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या. असा प्रश्न अनोळखी माणसांना विचारून उत्तराची वाट बघत बसायचं नसतं, मलासुद्धा नाही. तुमचं पत्र छापायला गेलं त्याच्या आधीच मी तुम्हाला हे कळवलं आहे; छापते आहे ते बाकीच्या घरांसाठी.

प्रश्न : मी सातवीत आहे. १३ मे रोजी पुण्यात शून्य सावली असते असं वाचलं, म्हणून गच्चीवर ३० सेंमीची पट्टी उभी केली. बरोबर १२ वाजता सावली ४ सेंमी होती, शून्य नव्हती. आई म्हणाली पट्टी वाकडी असेल. पण मी ओळंबा लावला होता. माझं काय चुकलं? (कर्वेनगर)

उत्तर : तुझं काहीच चुकलं नाही, फक्त तू गच्चीवरून लवकर खाली आलीस किंवा आलास! घड्याळातले १२ आणि सूर्याचे १२ वेगळे असतात. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाप्रमाणे लावलेली आहेत, तो उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातो. पुणं ७३.९ अंशांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेआठ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर साधारण ३५ मिनिटं उशिरा येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आसही कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभरात घड्याळाच्या थोडा पुढे-मागे होतो. मेच्या मध्यात तो जवळजवळ ४ मिनिटं पुढे असतो. ३५ वजा ४. पुण्यातली शून्य सावली १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास होती.

आता तुझ्या मोजमापाची गंमत बघ. ३० सेंमी उंचीला ४ सेंमी सावली, म्हणजे सूर्य माथ्यापासून साडेसात अंश दूर. अंशाला ४ मिनिटं धरली तर तीस मिनिटं! तुझ्या पट्टीने अर्ध्या तासाने सूर्य माथ्यावर येणार हे सांगितलंच होतं. वहीत ४ सेंमी लिहून ठेवलंस म्हणून हे कळलं. ‘थोडी सावली होती’ असं लिहिलं असतं तर नसतं कळलं.

शून्य सावली वर्षातून दोनदा येते, कारण सूर्य कर्कवृत्ताकडे जाताना आणि परत येताना असं दोनदा आपल्या डोक्यावरून जातो. परतीचा दिवस जुलैअखेरीस असतो, पण तेव्हा पुण्यावर ढग. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते! पुढच्या वर्षी मेअखेरीस आकाश मोकळं असतानाच बघ. त्याआधी २२ डिसेंबरला १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास हीच पट्टी उभी कर. सावली २७ सेंमी यायला हवी. आली का ते मला नक्की कळव. टिळक स्मारक मंदिरात १९४४ सालापासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथे असं बघायची आवड असलेली माणसं भेटतील. आईलाही घेऊन जा.

प्रश्न : बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग आहेत. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करून लावा, असं एका व्हिडिओत सांगितलंय. (हडपसर)

उत्तर : कधीही नाही. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, याच वायूने सैनिक मारले गेले होते. बंद बाथरूममध्ये थोडासाही फुफ्फुसाला इजा करतो. कुणी चुकून मिसळलंच तर दार उघडं टाकून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या, धुवायला परत आत जाऊ नका. खोकला, छातीत जळजळ असेल तर थेट दवाखाना.

डाग जड पाण्याच्या कॅल्शियमचे आहेत, त्यांना नुसतं व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व पुरतं. पंधरा मिनिटं ठेवून घासा, दुसरं काही मिसळू नका. ओटा किंवा फरशी संगमरवर, कोटा, कडप्पा, शहाबादी असेल तर तिथे हेही नको, कारण ते दगडच कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आंबटाने खाल्ले जातात.

प्रश्न : गेल्या वर्षी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच बादलीत विसर्जन केली. कुणीतरी सांगितल्याप्रमाणे खायच्या सोड्याचं १०० ग्रॅमचं पाकीट टाकलं. चार दिवसांनीही मूर्ती जवळजवळ तशीच, मग फार वाईट वाटलं. मूर्ती दोन किलोची होती. या वर्षी काय करू? (धनकवडी)

उत्तर : वाईट वाटणारच. बाप्पा तसे बादलीत बघवत नाहीत. पण कारण साधं आहे, आणि तुम्ही वजनं लिहिल्यामुळे हिशेब मांडता येतो. प्लास्टर घट्ट झालं की ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होतं. ते एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं. वीस लिटरच्या बादलीत फार तर ५० ग्रॅम! शाडूची मूर्ती पाण्यात ढासळते तशी ही ढासळणार नाही.

पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला आणि महापालिकेने राबवलेला उपाय अमोनियम बायकार्बोनेटचा आहे. त्याच्याशी जिप्समची क्रिया होऊन खाली खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसते आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे खत आहे. रसायनाच्या हिशेबाने १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागतं, थोडक्यात मूर्तीच्या वजनाएवढंच. तुमच्या दोन किलोला दोन किलो. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तोही जवळपास वजनास वजन लागतो. १०० ग्रॅमच्या पाकिटाने १०० ग्रॅम मूर्तीचंच काम केलं. शिवाय त्यातून उरणारं सोडियम सल्फेट झाडांना नको.

तर या वर्षी निर्माल्य, कापड, दागिने काढून घ्या. मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात आधी अमोनियम बायकार्बोनेटची पावडर विरघळवा, मग विसर्जन करा. बादली गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवा. अमोनियाचा वास येतो, बुडबुडे येतात, म्हणून घट्ट झाकण नको आणि बंद खोलीत तर नकोच. दिवसातून तीन-चार वेळा काठीने ढवळा, नाहीतर मूर्तीवर खडूचा थर बसून क्रिया मंदावते. दोन-तीन दिवस लागतील.

उरलेलं पाणी कुंडीत तसंच ओतू नका. दोन किलोच्या मूर्तीतून दीड किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट तयार होतं, ते एवढ्याशा बादलीत फार तीव्र असतं आणि झाड जळेल. वाटीभर पाणी दहा लिटरच्या बादलीत मिसळून घाला. मूर्तीचे रंगही त्यात उतरलेले असतात, म्हणून ते शोभेच्या झाडांना चालेल. भाजीला, कढीपत्त्याला आणि तुळशीला नको.